आवाजाची विचारपूस : जीपची बॅटरी आणि तीन तारांचा अँप्लिफायर

आषाढी जवळ आली की या सदराच्या टपालातले टीव्ही आणि मिक्सर मागे पडतात. जीप, टेम्पो आणि बॅटऱ्या पुढे येतात. या महिन्यातली पाच पत्रं एकाच विषयाची आहेत : गाडीच्या बॅटरीवर दमदार अँप्लिफायर कसा चालवायचा? म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी राखून ठेवली आहेत. पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर दिलं आहे. त्यात झालेली चूक हुशार माणसाकडूनच होते, आणि ती केलेले निदान दहा जण मिरजेतल्या माझ्या दुकानात जळकी मोड्यूल घेऊन आले आहेत.

प्रश्न : काका, नमस्कार. मी कोरेगाव तालुक्यातल्या एका भजनी मंडळात पेटी वाजवतो. आमची दिंडी लोणंदला माउलींच्या पालखीत सामील होते. रात्री मुक्कामावर कीर्तन असतं, पण तिथे वीज मिळेलच असं नाही. सोबत 12 व्होल्टची जीप असते. मी टीडीए 7294 आयसीचा तयार बोर्ड घेतला. त्याला प्लस, ग्राउंड आणि मायनस अशा तीन तारा द्याव्या लागतात. म्हणून 12 चे 35 व्होल्ट करणारी दोन स्टेप-अप मोड्यूल आणली. दोन्ही वेगवेगळी तपासली, बरोबर 35 देत होती. मग टॉर्चमध्ये सेल लावतो तसं एकाचं प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडलं. जोडताक्षणी फ्यूज उडाला. मोठा फ्यूज घातला, तर एका मोड्यूलच्या कॉइलमधून धूर आला. मोड्यूलच खराब होतं की माझं काही चुकलं?
(एक वाचक, जि. सातारा)

उत्तर : आधी फ्यूजबद्दल. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज कधीही घालू नका. जीपची बॅटरी शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर देते. तुमची फक्त कॉइल गेली; तार पेटली असती तर राहुटीही पेटली असती.

तुमची मोड्यूल चांगली होती. साध्या स्टेप-अप मोड्यूलमध्ये बॅटरीकडचं मायनस आणि आउटपुटचं मायनस ही एकच तार असते. मल्टिमीटर बझरवर ठेवून दोन्ही टोकांना लावा, लगेच वाजेल. दोन्ही मोड्यूल एकाच बॅटरीवर आहेत, म्हणजे त्या दोघांचं मायनसही एकच झालं. आता तुम्ही काय जोडलंत ते पाहा : पहिल्याचं प्लस दुसऱ्याच्या मायनसला. पण दुसऱ्याचं मायनस म्हणजे पहिल्याचंच मायनस. म्हणजे तुम्ही पहिल्या मोड्यूलचं आउटपुट सरळ शॉर्ट केलंत. स्टेप-अपची रचना अशी असते की बॅटरीतून कॉइल, कॉइलमधून डायोड आणि डायोडमधून आउटपुट अशी वाट कायम उघडी राहते. मोड्यूलमधली चिप बंद पडली तरी करंट थांबत नाही. म्हणून कॉइल धुरावली.

टॉर्चमधले सेल असे जोडता येतात, कारण प्रत्येक सेल सुटा असतो, त्याचा दुसऱ्याशी आधीपासून काही संबंध नसतो. तुम्हाला हवा तो कन्व्हर्टरही असाच सुटा हवा : बॅटरीची बाजू वेगळी, आउटपुटची बाजू वेगळी, आणि मध्ये फेराइटचा ट्रान्सफॉर्मर. त्याच्या सेकंडरीला, म्हणजे आउटपुटकडच्या गुंडाळीला, मधून टॅप काढला की ते झालं ग्राउंड, आणि दोन टोकांपासून प्लस आणि मायनस मिळतं.

तीन तारा का लागतात, हेही सांगतो. पेटीचा सूर मायक्रोफोनमधून येतो तेव्हा तो शून्याच्या वर-खाली हलत असतो. स्पीकरचा कोनही तसाच पुढे-मागे हलायला हवा. स्पीकरची एक तार ग्राउंडवर ठेवली तर दुसरी तार एकदा प्लसकडे आणि एकदा मायनसकडे ओढावी लागते. ओढायला दोन्ही बाजूंना सप्लाय असला म्हणजे आयसी आणि स्पीकर यांच्यामध्ये मोठा कपॅसिटर लागत नाही, आणि पखवाजाची धूम भरीव येते.

बरं, 12 व्होल्टवरच अँप्लिफायर का चालवू नये? चालतो, पण सरळ 12 व्होल्टवर आउटपुट मधल्या बिंदूपासून फक्त 6 व्होल्ट वर-खाली जाऊ शकतं. 4 ओहमच्या स्पीकरमध्ये त्याचे कागदावर साडेचार वॅट होतात, हाती येतात तीन. कारच्या टेपमध्ये दोन अँप्लिफायर उलटसुलट जोडून स्पीकरची दोन्ही टोकं हलवतात, त्याने 12 ते 15 वॅट मिळतात. उघड्या माळावर टाळ-पखवाजाच्या गजरात ते पुरत नाहीत. वॅट व्होल्टेजच्या वर्गाने वाढतात : व्होल्टेज दुप्पट केलं की वॅट चौपट. म्हणून सगळी धडपड व्होल्टेज वाढवण्याची.

आता कन्व्हर्टर. टीडीए 7294 च्या माहितीपत्रकात दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ±35 व्होल्टवर (म्हणजे ग्राउंडच्या वर 35 आणि खाली 35) 8 ओहममध्ये 70 वॅट, आणि ±27 व्होल्टवर 4 ओहममध्येही 70 वॅट. तुमच्याकडे 8 ओहमचे दोन बॉक्स असतील आणि ते समांतर (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडले तर 4 ओहम होतात. मग ±35 च्या मागे लागू नका. 4 ओहमवर ±35 दिलं तर वॅट वाढण्याऐवजी आयसी तापते आणि स्वतःचं संरक्षण सुरू करून आवाज तोडते. ±27 पुरे.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती तुम्ही करू नये असं मला मनापासून वाटतं. 2004 साली मी मिरजेहून निघणाऱ्या एका दिंडीसाठी असा कन्व्हर्टर स्वतः गुंडाळला होता. प्रायमरी, म्हणजे बॅटरीकडची गुंडाळी, 4 अधिक 4 फेरे, सेकंडरी 12 अधिक 12. एकास तीन. दुकानातल्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर ±35 मिळालं, आठवडाभर वाजवून पाहिलं, काही तक्रार नाही. सांगोल्याजवळच्या मुक्कामी कीर्तन रंगात आलं असताना बॅटरी उतरेल या काळजीने ड्रायव्हरने जीप सुरू केली. इंजिन चालू असताना बॅटरीवर 12 नव्हे, 14.4 व्होल्ट असतात. तिप्पट केले की 43, डायोडचा एक वजा जाऊन 42. या आयसीची सिग्नल चालू असतानाची मर्यादा ±40 आहे. दोन मिनिटांत फट् आवाज आला, आयसी शॉर्ट झाली, सप्लायचं सगळं डीसी स्पीकरमध्ये गेलं आणि कॉइल जळाल्याचा वास मंडपभर पसरला. महाराज मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी नुसत्या गळ्यावर कीर्तन पुढे नेलं, आणि मागे बसलेली म्हातारी माणसं उठून ऐकू येईल अशी पुढे येऊन बसली. त्या माणसांचं ते उठून पुढे येणं मला अजून दिसतं. तेव्हापासून व्होल्टेजवर लगाम नसलेला कन्व्हर्टर मी कुणालाही दिलेला नाही.

लगाम दोन तऱ्हांनी घालता येतो. सोपी तऱ्हा म्हणजे फेरे कमी घेणं : 4 अधिक 4 ला 10 अधिक 10. इंजिन चालू असताना ±35 च्या पुढे जात नाही, बॅटरी 11.5 वर आली की ±28 च्या खाली घसरतं. 8 ओहमचा एकच बॉक्स असेल तर हे चालेल. दुसरी तऱ्हा खरी : फेरे 12 अधिक 12 च ठेवायचे आणि कन्व्हर्टरच्या आयसीला आउटपुट मोजायला लावून पल्सची, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला तुटक मिळणाऱ्या ठोक्यांची, रुंदी कमी-जास्त करायची. बॅटरी 11 असो की 14.4, आउटपुट ±27.5 वर ठाम राहतं. एसजी 3525 ही आयसी यासाठी उत्तम. आउटपुटच्या प्लसवर टीएल 431 ही व्होल्टेज ताडून पाहणारी छोटी आयसी लावा, वर 22 किलोओहम आणि खाली 2.2 किलोओहम. त्या भागाकाराने बरोबर 27.5 व्होल्ट ठरतात. तिथून पीसी 817 ऑप्टोकप्लरमधून (हा तारेऐवजी प्रकाशाने निरोप देतो) निरोप एसजी 3525 कडे जातो, म्हणजे दोन्ही बाजू सुट्या राहतात.

बाजारातले तयार बोर्ड घेताना इथे फसगत होते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर 12 व्होल्टपासून प्लस-मायनस देणारे बोर्ड मिळतात. त्यांतल्या काहींवर ऑप्टोकप्लर दिसतो, पण डायोड आणि कपॅसिटर यांच्यामध्ये चोकच, म्हणजे करंटचे झटके सपाट करणारी कॉइलच, नसतो. चोक नसेल तर कपॅसिटर पल्सच्या टोकापर्यंत भरतो. पल्स अरुंद केली तरी टोक तेवढंच उंच असतं. तिथला ऑप्टोकप्लर व्होल्टेज नीट सांभाळू शकत नाही. म्हणून बोर्ड हातात घेतल्यावर आधी आउटपुटजवळचा टोरॉइड (कड्यावर गुंडाळलेला) चोक शोधा. मग बॅटरीचं मायनस आणि आउटपुटचं ग्राउंड यांच्यात मल्टिमीटर लावा. शून्य ओहम दाखवलं तर बोर्ड परत करा.

स्वतः गुंडाळणार असाल तर ईटीडी 39 आकाराचा फेराइट कोअर घ्या, मधल्या खांबाला गॅप नसलेला. जुन्या सप्लायमधून काढलेल्या कोअरला बहुतेक वेळा गॅप असतो, तो इथे चालत नाही. एसजी 3525 ला 1 नॅनोफॅरड, 15 किलोओहम आणि 22 ओहम लावले की ऑसिलेटर सुमारे 94 किलोहर्ट्झवर चालतो आणि प्रत्येक मॉसफेटच्या, म्हणजे बॅटरीचा करंट चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या, वाट्याला त्याच्या निम्मे, 47 येतात. या वेगाला करंट तांब्याच्या तारेत फक्त वरच्या थरातून वाहतो, जेमतेम 0.3 मिलिमीटर खोल. त्यामुळे एक जाड तार घेऊन उपयोग नाही. 24 गेजच्या 8 तारा पिळून प्रायमरीचा एक दोर करा, आणि असे दोन दोर शेजारी धरून एकदमच 4 फेरे गुंडाळा. दोन अर्धे वेगवेगळे गुंडाळले तर मॉसफेटवर व्होल्टेजचे उंच काटे येतात. सेकंडरीला 24 गेजच्या दोन-दोन तारा पुरतात.

चोकसाठी जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधला (पॉवर सप्लायमधला) पिवळा-पांढरा टोरॉइड चालेल. प्लस आणि मायनसच्या दोन्ही तारा एकत्र धरून त्याच एका टोरॉइडवर 30 फेरे घ्या. त्यामुळे मोजमाप प्लसचं होत असलं तरी मायनस त्याच्या बरोबरीने राहतं. फक्त जोडणी पाहा : प्लसच्या तारेचं सुरुवातीचं टोक डायोडकडे असेल तर मायनसच्या तारेचं सुरुवातीचं टोक कपॅसिटरकडे आलं पाहिजे. हे उलटलं तर दोन्ही चुंबकत्वं एकमेकांना खोडतात आणि चोक असून नसल्यासारखा होतो.

डायोड एमयूआर 1560 सारखे जलद हवेत. घरातले 1एन 5408 लावायचा मोह होतो, पण ते 50 हर्ट्झचे कामगार आहेत. 47 किलोहर्ट्झवर ते वेळेत बंद होत नाहीत आणि काही मिनिटांत सोल्डर वितळेल इतके तापतात. मॉसफेट आयआरएफ 3205, प्रत्येक बाजूला एक. एसजी 3525 च्या 8 नंबरच्या पायावर 10 मायक्रोफॅरड लावा, म्हणजे व्होल्टेज सुमारे सेकंदभरात हळूहळू चढतं आणि चालू करताना बॅटरीला झटका बसत नाही.

चालू करण्याची पद्धत मात्र घाई न करता पाळा. पहिल्यांदा बॅटरीच्या प्लसमध्ये गाडीच्या हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घाला. कुठे चुकलं असेल तर बल्ब लख्ख पेटेल आणि मॉसफेट वाचतील. सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून विझेल. ऑसिलोस्कोप नसेल तर मॉसफेट काढून ठेवून एसजी 3525 च्या 11 आणि 14 नंबरच्या पायांवर डीसी व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे साधारण 5 व्होल्ट आणि सारखेच दिसले पाहिजेत. मग आउटपुटला अँप्लिफायर न लावता ट्रकचे 24 व्होल्टचे 21 वॅटचे इंडिकेटर बल्ब लावा, एक प्लस-ग्राउंडमध्ये, एक मायनस-ग्राउंडमध्ये. अर्धा तास जळू द्या. त्यांतला एक काढून पाहा, दुसऱ्या बाजूचं व्होल्टेज फार हललं नाही तर चोक बरोबर आहे. जीप सुरू करून पुन्हा मोजा. एवढं झालं की अँप्लिफायर जोडा. टीडीए 7294 चा धातूचा पाठीचा पत्रा ग्राउंडला नसतो, मायनस सप्लायला असतो. म्हणून मायका आणि स्क्रूचा प्लास्टिक बुश घातल्याशिवाय हीटसिंक कॅबिनेटला टेकवू नका. स्पीकरच्या वाटेवर रिलेचं डीसी प्रोटेक्शन लावा. ते नव्हतं म्हणून सांगोल्याला माझा स्पीकर गेला.

बॅटरीचा हिशोब असा. अँप्लिफायर पूर्ण 70 वॅट देताना सप्लायमधून सुमारे 100 वॅट घेतो. कन्व्हर्टरमधली घट धरली तर बॅटरीतून 120, म्हणजे 10 अँपिअर. पण कीर्तन सतत पूर्ण जोरात नसतं. बोलणं, थांबणं, गजर असं मिळून सरासरी 3 अँपिअरच्या आसपास येते. तीन तासांचं कीर्तन 9-10 अँपिअर-तासांत होतं. चांगल्या 60 अँपिअर-तासांच्या बॅटरीला ते जड नाही. तरी वाजताना व्होल्टेज 11.5 च्या खाली गेलं की थांबा. सकाळी जीप सुरू व्हायला हवी, औषधाची पेटी तिच्यातच असते.

तार 4 चौरस मिलिमीटरची घ्या. बॅटरीपासून 3 मीटरवर कन्व्हर्टर असेल तर जाऊन-येऊन 6 मीटर तार होते. 4 चौरसच्या तारेत 10 अँपिअरला पाव व्होल्टच्या जरा वर जातो, 1 चौरसच्या तारेत एक व्होल्टहून जास्त. फ्यूज 15 अँपिअरचा, बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर. कन्व्हर्टरजवळ बसवलेला फ्यूज कन्व्हर्टर वाचवतो, मधली 3 मीटर तार वाचवत नाही.

प्रश्न : माझा मंडपाचा व्यवसाय आहे. वीज गेली की आमचा जुना अँप्लिफायर घरगुती इन्व्हर्टरवर लावतो. त्यात 25-0-25 चा ट्रान्सफॉर्मर आहे. लाइटवर दणकट वाजतो, इन्व्हर्टरवर आवाज दबतो, लवकर फाटतो आणि मागे घर्रर्र येतं. इन्व्हर्टर 600 व्हीएचा आहे, मग कमी का पडतो?
(एक मंडपवाले, जत)

उत्तर : इन्व्हर्टरची ताकद कमी पडत नाही, लाटेचा आकार आड येतो. तुमचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी लाटेचा असणार. विजेची लाट गोलसर असते. तिला आपण 230 व्होल्ट म्हणतो तेव्हा तिचं टोक 325 ला पोचलेलं असतं, आणि अँप्लिफायरमधले कपॅसिटर त्या टोकापर्यंत भरतात. म्हणून 25 व्होल्ट एसीपासून 34-35 व्होल्ट डीसी मिळतं. चौकोनी लाटेचं टोक 230 लाच सपाट असतं. त्याच ट्रान्सफॉर्मरमधून मग 24 च्या आसपास डीसी येतं. 34 चे 24 झाले की वॅट निम्मे होतात, आणि पूर्वीच्याच जोराने गायलं की आवाज फाटतो. कव्हर उघडून मोठ्या कपॅसिटरवर मीटर लावा, आधी लाइटवर आणि मग इन्व्हर्टरवर. फरक समोर दिसेल.

घर्रर्र आवाजाचं कारणही तेच. चौकोनी लाटेत 50 हर्ट्झच्या जोडीला 150, 250, 350 असे विषम सूर असतात. ते कानाला जास्त टोचतात आणि मायक्रोफोनच्या वायरमध्ये सहज शिरतात.

तुमचं बहुतेक काम लाइटवर चालतं, त्यामुळे अँप्लिफायर बदलू नका, डीसी कन्व्हर्टरच्याही भानगडीत पडू नका. साइनवेव्ह इन्व्हर्टर घ्या.

प्रश्न : आमचं दशावतारी नाटक मंडळ आहे, टेम्पोतून गावोगावी फिरतो. बॅटरीवरचा प्लस-मायनस कन्व्हर्टर एका मित्राने बनवून दिला आहे, आवाज छान येतो. पण बॅटरी चार्ज व्हावी म्हणून इंजिन चालू ठेवलं की स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज येतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढत जाते. कपॅसिटर वाढवून पाहिले, फरक नाही.
(एक वाचक, जि. सिंधुदुर्ग)

उत्तर : शिट्टी अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढते, म्हणजे ती अल्टरनेटरची आहे. ती बहुधा सप्लायच्या वाटेने येत नाही, ग्राउंडच्या वाटेने येते. म्हणून कपॅसिटर वाढवून फरक पडला नाही.

आधी अँप्लिफायरला येणारी सिग्नलची पिन काढा आणि तिच्या जागी इनपुट शॉर्ट करा. इंजिन चालू ठेवा. शिट्टी गेली तर ती मिक्सरकडून येते. मिक्सर त्याच बॅटरीवर आहे का? त्याचं धातूचं अंग टेम्पोच्या पत्र्याला टेकतं का? तसं असेल तर ग्राउंडला दोन वाटा झाल्या : एक सिग्नलच्या वायरच्या जाळीतून, दुसरी पत्र्यातून. अल्टरनेटरचा करंट पत्र्यातून वाहतो, त्याचा थोडा भाग तुमच्या जाळीतून जातो आणि अँप्लिफायर त्यालाच सूर समजून मोठा करतो. मिक्सरखाली रबर किंवा लाकडी फळी ठेवा. एवढ्यावर भागलं नाही तर मिक्सर आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये 600 ओहमचा एकास एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला.

इनपुट शॉर्ट करूनही शिट्टी राहिली तर कन्व्हर्टर उघडा. बॅटरीचं मायनस आणि आउटपुटचं ग्राउंड तुमच्या मित्राने तारेने थेट जोडलं असण्याची शक्यता मोठी आहे. ती तार काढून तिथे 1 किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. पण तार तोडण्याआधी पाहा, व्होल्टेज मोजणारी फीडबॅकची वाट ऑप्टोकप्लरमधूनच जाते ना. ती सरळ रेझिस्टरमधून असेल तर ग्राउंड तोडल्यावर मोजमाप चुकेल आणि व्होल्टेज भरकटेल. अशा वेळी ऑप्टोकप्लर बसवल्याशिवाय त्या तारेला हात लावू नका.

आणि बॅटरीकडून दोन्ही तारा थेट घ्या. मायनससाठी जवळचा पत्र्याचा बोल्ट पकडायची सवय असते, ती या कामात नडते. झांज आणि पखवाजात शिट्टी झाकली जाते हे खरं, पण राजाचं स्वगत चालू असतं तेव्हा ती प्रेक्षकाला ऐकू येतेच.

प्रश्न : जीपवर दोन वर्षं चाललेला कन्व्हर्टर ट्रकवर लावला आणि लगेच गेला. ट्रकला 24 व्होल्ट असतात म्हणून मधे 24 चे 12 करणारं काही लावायला हवं होतं का?
(एक ट्रकमालक, दहिवडी)

उत्तर : तात्पुरतं तेच करता येतं, पण 10 अँपिअर खरोखर पेलणारं घ्या. नेहमी ट्रकवरच वापरायचं असेल तर कन्व्हर्टर बदला. अशा पुश-पुल (दोन मॉसफेट आळीपाळीने चालणाऱ्या) कन्व्हर्टरमध्ये बंद असलेल्या मॉसफेटवर बॅटरीच्या दुप्पट व्होल्टेज येतं. जीपवर 14.4 चे 29, आयआरएफ 3205 ची मर्यादा 55, चाललं. ट्रकचं इंजिन चालू असताना 28.8 असतात, दुप्पट 57.6, आणि वरचे काटे वेगळेच. मर्यादा तिथेच ओलांडली. आयआरएफ 3710 सारखे 100 व्होल्टचे मॉसफेट लावा, प्रायमरीचे फेरे 4 ऐवजी 8 करा, आणि बॅटरीकडचे कपॅसिटर 25 व्होल्टचे असतील तर 50 चे घाला. एसजी 3525 च्या सप्लायला 12 व्होल्टचा 7812 रेग्युलेटर द्या. नाहीतर मॉसफेटच्या गेटला (चालू-बंद करणाऱ्या पायाला) 20 व्होल्टच्या वर जातील आणि नवे मॉसफेटही पहिल्या दिवशी जातील.

प्रश्न : मी सतार शिकते. मोकळ्या जागी छोटी बैठक असते, 40-50 श्रोते. एवढ्यासाठी हा प्लस-मायनसचा खटाटोप टाळता येईल का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : येईल. माझं दुकान सतारमेकर गल्लीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जवारी लावून झाली की कारागीर तार छेडून किती वेळ ऐकत बसतात ते मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. तो झंकार ऐकवायला वॅट थोडे लागतात, पण सप्लाय शांत लागतो.

टीपीए 3116 या आयसीचा क्लास-डी बोर्ड घ्या. तो 26 व्होल्टपर्यंत एकाच बाजूच्या सप्लायवर चालतो, कारण स्पीकरची दोन्ही टोकं तो स्वतः हलवतो. 12 चे 24 करणारं साधं स्टेप-अप मोड्यूल इथे चालेल. पहिल्या पत्रातली अडचण इथे येत नाही, कारण मोड्यूल एकच आहे. 24 व्होल्टवर 8 ओहमच्या बॉक्समध्ये सुमारे 30 वॅट मिळतात, आणि 40-50 जणांच्या बैठकीला ते पुरून उरतात. मोड्यूल निदान 5 अँपिअर सलग देणारं घ्या आणि आउटपुटला 2200 मायक्रोफॅरड 35 व्होल्टचा कपॅसिटर जोडा. मोड्यूल आणि सतारीचा पिकअप यांत हातभर अंतर ठेवा. जवळ असले तर मोड्यूलची बारीक कुरकुर तरफांच्या, म्हणजे मुख्य तारांखालच्या बारीक तारांच्या, झंकारात मिसळते, आणि नेमकी कशाची ते बैठकीत कुणालाच सापडत नाही.

या बोर्डाचं स्पीकरचं मायनस हे ग्राउंड नसतं. डाव्या-उजव्या बॉक्सची मायनस टोकं एकत्र करू नका, कॅबिनेटला टेकवू नका, आणि दोन्ही बॉक्सना सुट्या दोन-दोन तारा स्वतंत्र न्या.